दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही

मेटचन, न्यू जर्सी
१३ ऑगस्ट २००६

प्रिय लॉटी आत्या,

आधी खुर्चीत बस. तू पत्रं उभ्याउभ्या वाचतेस हे मला माहीत आहे, पण हे तसं वाचण्यातलं नाही.

मी मास्तरीण होणार आहे.

हुश्श, लिहून टाकलं एकदाचं! फोन करून सांगितलं असतं, पण तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि कानातल्या नव्या यंत्राला तू बॅटरी घालत नाहीस. म्हणून हे सगळं कागदावर.

कंपनी मार्चमध्येच गेली. परदेशी मालकांनी विकत घेतली आणि अख्खी प्रयोगशाळा उचलून ओहायोला नेली. तेवीस वर्षं तिथे बसून मी वास आणि चवी मिसळून दह्यातली स्ट्रॉबेरी, सरबतातलं लिंबू आणि खोकल्याच्या औषधातली चेरी बनवली. मलाही 'चल' म्हणाले. मी नाही म्हटलं. आईबाबा इथल्या मातीत आहेत, तू इथे आहेस, ओहायोत माझं कोण आहे? ईस्टरला तुझ्याकडे आले तेव्हाच नोकरी गेलेली होती. पण तू हॅम कापत होतीस आणि तुझ्या हातात सुरी होती, म्हणून गप्प बसले.

आपल्या काउंटी कॉलेजात मधेच धंदा बदलणाऱ्यांसाठी एक रस्ता आहे. पदवी असली की राज्याची परीक्षा द्यायची, उन्हाळ्यात सुरुवातीचे वर्ग करायचे, की पात्रतेचा कागद मिळतो. मग नोकरी आपली आपण शोधायची. दिवसा शिकवायचं आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेजात आपणच बाकावर बसायचं. वर्षभर एक अनुभवी शिक्षिका माझ्यावर लक्ष ठेवणार. मुख्याध्यापक तीनदा वर्गात येऊन बसणार, आणि तिसऱ्या खेपेनंतर लिहिणार की ही शिक्षिका आहे किंवा नाही. 'नाही' लिहिलं की कायमचा दाखला गेला आणि नोकरीही गेली.

आमच्या तुकडीत एक बँकवाला आहे, लष्करी बँडात ट्रंपेट वाजवणारी एक बाई आहे आणि अंत्यविधीचं दुकान चालवलेले एक गृहस्थ आहेत. ते म्हणतात, आजवरची माझी गिऱ्हाइकं जास्त शांत होती.

मला हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र मिळालंय. सप्टेंबरच्या पाच तारखेला शाळा सुरू. आत्या, घरात शिक्षिका म्हटलं की तूच. फळ्याकडे तोंड करून, मागे न बघता, 'स्टॅन्ली, खाली ठेव ते' म्हणणारी तू. तुझ्या हॉलमधला तो ट्रेनिंग कॉलेजचा फोटो, पांढऱ्या ब्लाउजमधल्या त्या मुली, लहानपणापासून मी बघत आलेय. मला काहीतरी सांग ना.

तुझी,
रेनाटा


टॉम्स रिव्हर
१९ ऑगस्ट

रेनाटा,

बसले नाही. उभ्यानेच वाचलं आणि उभ्यानेच संतापले.

नोकरी गेल्याचं पाच महिने लपवलंस! तुझा बाप असाच होता, दात दुखला तरी पावाच्या तुकड्याला दोष द्यायचा. आणि आता म्हणे मास्तरीण! एका वर्गात योगासनं, दुसऱ्यात कराचे फॉर्म भरायचे, आणि मधल्या खोलीत शिक्षक तयार करतात, असंच ना ते कॉलेज? अगं, शिकवणं म्हणजे बाटलीतून चार थेंब टाकणं नव्हे. सदतीस वर्षं घालवली मी त्यात. पुढच्या दाराने जाणाऱ्यांचे हाल कुत्रं खात नाही, आणि तू मागच्या दाराने निघालीस. सगळ्यांसमोर आपटशील आणि आडनाव माझंही तेच आहे.

माझ्या फोटोचा विषय काढू नकोस.

आता निघालीच आहेस तर ऐक. ख्रिसमसपर्यंत हसायचं नाही. एकदा दात दिसले की पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतात. दुसरं म्हणजे तुझी ती कंपनी, त्या बाटल्या, ते नाक, सगळं शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जा. आत शिक्षिका जाते, कारखान्यातली बाई नाही. आणि रोज पोटभर नाश्ता कर, रिकाम्या पोटी माणूस लवकर चिडतो.

टोमॅटो पाठवतेय. पिकलेले खिडकीत ठेव, फ्रिजमध्ये घातलेस तर मला कळेल.

लॉटी आत्या

ता.क. बॅटरी घातली की शेजारच्या मिसेस हॅगर्टीचं बोलणं ऐकू येतं. म्हणून घालत नाही.


मेटचन
२४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

टोमॅटो मिळाले, खिडकीत आहेत, शपथ.

शाळा छान चाललीय. मुलं अगदी शांत असतात. मी तू सांगितलंस तसं एकदाही हसले नाही. फळ्यावर रोज तारीख, दिवसाचं उद्दिष्ट आणि 'आत्ता करा' म्हणून एक छोटं गणित लिहिते, मुलं ते करतात. कंपनीचं अवाक्षर काढलेलं नाही. माझ्यावर नेमलेल्या बाई म्हणजे मिसेस किन्योनेस, जीवशास्त्र शिकवतात. मागच्या बाकावर बसून माझा तास बघता बघता स्वेटर विणतात. आतापर्यंत एक बाही झालीय.

एकूण मजेत. काळजी करू नकोस.

रेनाटा


टॉम्स रिव्हर
३० सप्टेंबर

रेनाटा,

'मुलं अगदी शांत असतात' म्हणे! सप्टेंबरात शांत बसणारी मुलं एक तर आजारी असतात नाहीतर झोपलेली. तुझी कुठली?

खोटं लिहायचंच तर नीट लिही. चार पानं लिहिणारी पोरगी तू, अर्ध्या पानात आटोपलंस तेव्हाच कळलं.

लॉटी आत्या


मेटचन
१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

झोपलेली. माझी मुलं झोपलेली असतात.

दीड महिना लिहायला तोंड नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आता सगळं ओकते. पाचव्या तासाला तीस मुलं आहेत. त्यातली बावीस मान खाली घालून बसतात. उरलेल्या सात जणांना रसायनशास्त्र सोडून सगळ्यात रस आहे. आणि एक यारित्झा पेन्या आहे. मी प्रश्न विचारायच्या आत ही उत्तर ठोकून देते. बरोबर असो नाहीतर चूक, पण इतक्या ठसक्यात की बाकीचे लगेच तेच लिहून मोकळे होतात. परवा मला म्हणाली, "मिस, तुम्हाला इथे यायला आवडतं का? चेहऱ्यावरून वाटत नाही."

कसं वाटणार? ख्रिसमसपर्यंत हसायचं नाही ना!

मुख्याध्यापक डॉ. फुसारो यांची पहिली भेट झाली. गृहस्थ भला आहे, पण हातात वही घेऊन मागे बसला की माझ्या तोंडचं पाणी पळतं. शेरा असा आहे: 'विषयाचं ज्ञान उत्तम. वर्गात शिक्षिका जाणवत नाही.' आत्या, मी तिथे बेचाळीस मिनिटं उभी होते गं! कपाटासारखी उभी होते, पण होते.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. आपटले. तुझं नाक कापलं असेल तर माफ कर.

रेनाटा


टॉम्स रिव्हर
२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

रेनाटा,

माझं नाक आहे तिथेच आहे. रडू नकोस.

पहिल्या वर्षी सगळेच कपाट असतात. तुझ्या पोरींपैकी एकीने चेहऱ्याकडे बघून विचारलं, म्हणजे एक तरी जागी आहे. ती यारित्झा सांभाळ, अशी पोरगी वर्ग बुडवते तरी नाहीतर तारते तरी.

आज इथे समाजमंदिरात टर्की होती, फार कोरडी. तू यायला हवी होतीस.

लॉटी आत्या


मेटचन
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय आत्या,

दुसरी भेट झाली. 'प्रगती आहे, पण पुरेशी नाही. वर्ग एकाच विद्यार्थिनीच्या उत्तरांवर चालतो.' तिसरी एप्रिलमध्ये, आणि ती शेवटची.

आणि ओहायोहून पत्र आलंय. त्यांना तिथे माझ्यासारखं नाक मिळालं नाही. जुनी जागा, जुना हुद्दा, सामान हलवायला गाडीसुद्धा देतायत. एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. खरं सांगू? पत्र वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून इतकं वाईट वाटलं की शाळेबाहेर गाडीत बसून रडले.

मिसेस किन्योनेस खिडकीवर टकटक करून सरळ शेजारी येऊन बसल्या. (स्वेटर झाला, आता मोजे चाललेत.) म्हणाल्या, "मला एक सांग, तेवीस वर्षं काय करत होतीस?" मी सांगितलं. पंधरा मिनिटं बोलत होते म्हणे, हातवारे करून. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "ही बाई पाचव्या तासाला कुठे असते गं? तिला रोज गाडीत कोंडून येतेस की काय?"

हा सल्ला तुझा होता हे मी सांगितलं नाही. पण आत्या, फाटकाबाहेर ठेवलेली ती बाई मला फार आठवते. दाखला नाही मिळाला तर निदान ओहायोत ती तरी परत भेटेल.

काय करू?

रेनाटा


टॉम्स रिव्हर
२६ फेब्रुवारी

रेनाटा,

काय कर ते मी सांगणार नाही. एकदा सांगितलं, त्याचं काय झालं ते बघतेच आहे.

सोबत पाव आहे. तुझ्या आजीच्या हातचा, म्हणजे माझ्या हातचा पण तिच्या पद्धतीचा, राय नावाच्या धान्याच्या पिठाचा आणि शहाजिरं घातलेला. लोणी लावून खा आणि मग डोकं चालव. रिकाम्या पोटी कुणी ओहायोला जाऊ नये.

लॉटी आत्या


मेटचन
१२ एप्रिल

प्रिय आत्या,

सगळं संपलं. मी मुख्याध्यापकांना 'श्श' केलं.

थांब, नीट सांगते. त्याची सुरुवात तुझ्या पावापासून झाली. पाव कापला, शहाजिऱ्याचा वास आला आणि मला कंपनीतली एक जुनी गंमत आठवली. शहाजिऱ्याला ज्या रेणूचा वास येतो, अगदी त्याच रेणूचा पुदिन्यालाही वास येतो. तेच अणू, तेवढंच वजन. फक्त एक डावा हात आणि दुसरा उजवा हात, आरशातली जोडी. तराजूला फरक कळत नाही, पण नाकाला एका क्षणात कळतो! आणि पुढच्या धड्यात मला नेमकं हेच शिकवायचं होतं.

म्हटलं, गेलं उडत ते फाटक. शाळेच्या नर्सकडे जाऊन कुणाला दमा आहे, कुणाला कशाचं वावडं आहे ते बघून घेतलं. वास घ्यायच्या कागदी पट्ट्या आणल्या, दोन बाटल्या आणल्या आणि तिसऱ्या भेटीच्या दिवशी पाचव्या तासाला पहिल्यांदाच खरं सांगितलं. म्हटलं, "तुम्ही डब्यात जे स्ट्रॉबेरीचं दही आणता ना, त्यातली स्ट्रॉबेरी मी आहे." तीस माना वर! यारित्झा म्हणाली, "मिस, हे तुम्ही सप्टेंबरात का नाही सांगितलं?" मी हसले, आत्या. चांगले दात दिसेपर्यंत.

मग आमच्या कंपनीतल्या चव घेणाऱ्यांच्या खोलीतला नियम सांगितला. पट्टी नाकाशी धरायची आणि दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. चेहरासुद्धा हलवायचा नाही. सगळ्यांचं लिहून झाल्यावरच तोंड उघडायचं. एकाने 'अहाहा, संत्रं' म्हटलं की उरलेल्यांना संत्र्याचाच वास यायला लागतो, म्हणून हा नियम. यारित्झाकडे बघून म्हटलं, "सगळ्यांना लागू." तिने दोन्ही ओठ आत ओढून घेतले.

काय शांतता होती! पण झोपेची नव्हे. तीस मुलं डोळे मिटून, कागद नाकाशी धरून बसलेली. आणि तेवढ्यात दार उघडलं, डॉ. फुसारो आत आले. त्यांना काय वाटलं असेल ते देव जाणे. तीस पोरं काहीतरी हुंगतायत आणि बाई गप्प उभी! त्यांचा चेहरा पांढरा पडला, "मिस कुझमिकी, हे काय..." एवढं तोंडातून बाहेर आलं.

आणि माझा हात आपोआप वर गेला. तेवीस वर्षांची सवय! त्या खोलीत मालक आला तरी आम्ही त्यालाही गप्प करायचो. मी बोट ओठांवर ठेवून इतक्या जोरात 'श्श!' केलं की पहिल्या रांगेतलं पोरगं दचकलं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मी त्यांच्या हातात दोन पट्ट्या दिल्या, एक पेन्सिल दिली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. ते बसले. त्यांनी वास घेतला, लिहिलं.

मग मात्र जे झालं ते काय सांगू! जी कधी तोंड उघडत नाही ती मागच्या बाकावरची ग्वेन म्हणाली, "एक च्युइंगम आहे, आणि दुसरा माझ्या आजोबांच्या सँडविचचा पाव." सगळ्यांनी आपापलं वाचलं. वेगवेगळं लिहिलं होतं प्रत्येकाने, कारण कुणाचं कुणी ऐकलंच नव्हतं. मग मी म्हटलं, दोन्ही एकच पदार्थ आहे, आणि वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. डावा-उजवा हात जुळवून, हातमोजे उलटसुलट घालून, वीस मिनिटं नुसती भांडाभांडी.

यारित्झा उठून मुख्याध्यापकांनाच म्हणाली, "सर, तुम्ही काय लिहिलंत ते वाचा, सगळ्यांना लागू आहे." त्यांनी वाचलं. दोन्ही पट्ट्यांवर एकच: टूथपेस्ट. वर्ग कोसळला हसून.

तास संपला. ते उठले, वही मिटली आणि निघून गेले. आज आठवडा झाला, शेऱ्याचा कागद नाही. मिसेस किन्योनेस म्हणतात थांब. पण आत्या, परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाला मी गप्प बसवलं आणि पोरांसमोर त्याचं हसं केलं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वीस तारखेच्या आत ओहायोला 'हो' कळवणार आहे. शनिवारी पत्र टाकते.

वाईट एवढंच वाटतं की त्या दिवशी मला ते फार आवडलं. मला तिथेच राहायचंय गं.

रेनाटा


टॉम्स रिव्हर
१३ एप्रिल
(जलद टपालाने)

रेनाटा,

ओहायोचं पत्र टाकशील तर तंगडं मोडून ठेवीन. आधी हे वाच. आणि ह्या वेळी तू खुर्चीत बस.

सोबत फोटो आहे, भिंतीवरून काढून पाठवतेय. नीट बघ. मुलींच्या मागे फळा आहे असं तुम्हा सगळ्यांना वाटत आलं. तो फळा नाही. तो तारा जोडायचा स्विचबोर्ड आहे. हे ट्रेनिंग कॉलेज नाही, टेलिफोन एक्स्चेंज आहे, आणि मी दुसऱ्या रांगेतली चौथी. मी कुणाला कधी खोटं सांगितलं नाही. तुम्ही समजलात आणि मी समजू दिलं. तुझ्या बापाला ठाऊक होतं. त्याने मरेपर्यंत पोटात ठेवलं.

नऊ वर्षं मी तिथे होते. मग डायलचे फोन आले आणि एकतीस मुली एका शुक्रवारी घरी गेल्या. १९५७ साल. तेव्हा बेयॉनच्या शाळांत पोरं उतू चालली होती आणि शिकवायला माणसं नव्हती, म्हणून सरकार आणीबाणीचे दाखले वाटत होतं. सरळ बोलता येतं आणि वेळेवर येते, एवढ्यावर मला सहावी इयत्ता दिली. पुढे सात उन्हाळे कॉलेजात बसून खरा दाखला मिळवला. तेवढी वर्षं पुढच्या दाराने आलेल्या बायका माझ्याशी जेवणाच्या खोलीत बोलत नसत. 'टेलिफोनवाली' म्हणायच्या. मला इतकं लागलं होतं ते, की पन्नास वर्षं लपवलं, आणि तू त्याच दाराने निघालीस तेव्हा त्या बायका तुला म्हणतील ते मीच आधी म्हणून टाकलं. लाज वाटते मला.

आणि मागे न बघता 'स्टॅन्ली' कसं म्हणायची? पाठीला डोळे नव्हते. नऊ वर्षं तारेवर शेकडो माणसं नुसत्या आवाजावर ओळखली होती. कुणाच्या श्वासावरून कळायचं की हा आता काहीतरी करणार. तुला फाटकाबाहेर ठेव म्हटलं ते सगळं मी स्वतः आत घेऊन गेले होते. तुला नाक दिलंय, मला कान होता.

आता महत्त्वाचं. पहिल्या वर्षी शिक्षणाधिकारी तपासणीला आले. मी फळ्यावर लिहीत होते आणि एक मुलगी पहिल्यांदाच धड उत्तर देत होती. मागे दार वाजलं, कुणीतरी "मिस..." म्हणालं. मी मान न वळवता म्हटलं, "कृपया थांबा, आपला नंबर येतोय." तो बिचारा टोपी हातात घेऊन अकरा मिनिटं दारात उभा! वळून बघितलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मीसुद्धा घरी जाऊन तुझ्या बापाला म्हटलं, संपलं सगळं.

त्याचा शेरा आठ दिवसांनी आला. कुणाला दाखवला नाही कधी, पण अजून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. 'हिला वर्ग ऐकू येतो. कायम करावी.'

तेव्हा गप्प बस आणि कागदाची वाट बघ.

लॉटी आत्या


मेटचन
१७ जून

प्रिय आत्या,

कायमचा दाखला परवाच्या टपालाने आला. मी तो तीनदा वाचला आणि चौथ्यांदा मिसेस किन्योनेसना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी सगळ्या विणकामाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. स्वेटर माझ्याच मापाचा होता, मला नऊ महिने कळलं नाही.

डॉ. फुसारोंचा शेरा एप्रिलमध्ये तुला फक्त 'पास' म्हणून कळवला होता, आता पूर्ण लिहिते: 'वर्गावर पूर्ण ताबा. मूल्यमापन करणाऱ्यावरही. शिफारस करतो.' उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, "पट्टी घरी नेली होती. रोज बायकोला विचारायचो, तीही टूथपेस्टच म्हणते." ओहायोला मी 'नाही' कळवलं होतं, शेरा यायच्या आधीच, तुझं पत्र वाचून लगेच. तुला सांगितलं नव्हतं. लपवायची सवय घराण्यातली आहे.

पाचव्या तासाला मी फोटो दाखवला आणि तुझी सगळी गोष्ट सांगितली. तुला राग येईल असं वाटलं होतं, पण मुलांना इतकी आवडली! ग्वेनने विचारलं, "त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही?" मी म्हटलं, फार थोडं. मग यारित्झा उभी राहिली. म्हणाली, "मिस, नाक तर आहे ना?"

सोबत चांदीच्या कागदात एक पट्टी आहे. वासाचं सूत्र मुलांचं, मी फक्त बाटल्या दिल्या. चार वेळा बिघडली, पाचव्यांदा जमली. वर काही लिहिलेलं नाही. नियम तुला माहीत आहे. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग लिही.

रेनाटा


टॉम्स रिव्हर
२१ जून

प्रिय रेनाटा,

फोटो परत पाठवू नकोस. तुझ्या वर्गात लाव आणि खाली खरं नाव घाल: टेलिफोन एक्स्चेंज, १९५६, दुसरी रांग, चौथी. माझ्या भिंतीवर तिथे आता तो आणीबाणीचा दाखला लावलाय. मिसेस हॅगर्टीने विचारलं हे काय, तर म्हटलं, माझं मागचं दार.

सप्टेंबरात मी तुझ्या वर्गात येणार आहे. मागच्या बाकावर बसेन, विणता येत नाही मला, नुसती बसेन. त्यासाठी बॅटऱ्या आणल्यात.

आता पट्टीचं. काल सकाळी चहा झाल्यावर खुर्चीत बसले. हो, खुर्चीत. चांदीचा कागद उघडला, डोळे मिटले. आधी देवदार आला, तासलेल्या पेन्सिलींचा. मग फरशीचं मेण. संत्र्याची साल, जेवणाच्या सुट्टीतली. आणि शेवटी अगदी खालून ओल्या लोकरीचा वास, रेडिएटरवर वाळत घातलेल्या कोटांचा. तुझ्या पोरांना हा कुठून कळला? त्यांच्या शाळेत रेडिएटर तरी आहेत का?

तुला उत्तर हवंय ना? लिहिते. सहावी ब, खोली क्रमांक अकरा, जानेवारी. आणि रेनाटा, मला ती सगळी ऐकू आली. बाकं सरकल्याचं ऐकू आलं, आयरीनचं नाक ओढणं ऐकू आलं. कानात बॅटरी नव्हती, तरी आली. तोंडातून आपसूक निघून गेलं, "स्टॅन्ली, खाली ठेव ते."

मिसेस हॅगर्टी दारातच उभी होती, तिची बशी न्यायला आलेली. आत येऊन मला हलवायला लागली, कोण स्टॅन्ली, काय झालं, डॉक्टरला बोलावू का.

मी डोळे उघडले नाहीत. बोट ओठांवर ठेवून तिला म्हटलं, "श्श. अजून एक मिनिट आहे."

तुझी,
लॉटी आत्या